अमेरिकेतल्या मराठी घरमालकांना खुलं पत्र: नकार द्या, पण कागद दाखवून द्या

मंडळी, सप्रेम नमस्कार.

न्यू जर्सीतल्या एडिसन-आयझलिनपासून टेक्ससमधल्या फ्रिस्कोपर्यंत आणि सॅन होजेपासून सिअ‍ॅटलजवळच्या बेलव्ह्यूपर्यंत आपल्यातल्या बऱ्याच जणांकडे राहत्या घराखेरीज आणखी एखादा कॉन्डो किंवा टाऊनहाऊस आहे. कुणी गुंतवणूक म्हणून घेतला, कुणी मोठ्या घरात गेल्यावर जुना विकला नाही. तो आपण भाड्यानं देतो, आणि भाडेकरू पुष्कळदा आपल्यातलाच असतो. मास्टर्स संपवून पहिल्या नोकरीला लागलेली मुलगी, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर नुकताच आलेला मुलगा, घटस्फोटानंतर दोन लेकरांना घेऊन वेगळं घर शोधणारी बाई. नव्यानं आलेल्यांना घर शोधून द्यायला मी बरीच वर्षं मदत करते आहे, आणि एक कॉन्डो माझाही भाड्यानं दिलेला आहे. तेव्हा हे पत्र तुमच्याच पंगतीत बसून लिहिलेलं आहे असं समजा.

विषय आहे आपल्या नकाराचा.

व्यवहार साधारण असा होतो. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाहिरात पडते. इच्छुक माणूस घर बघून जातो, त्याला आवडतं, आपण एक लिंक पाठवतो. तो तिथं नाव, जन्मतारीख, सोशल सिक्युरिटी नंबर (इथला सरकारी ओळख क्रमांक) भरतो, चाळीस-पन्नास डॉलर मोजतो. काही मिनिटांत स्क्रीनिंग कंपनीचा रिपोर्ट आपल्या ईमेलमध्ये येतो: क्रेडिट स्कोअर, जुने पत्ते, कुठं थकबाकी, कोर्टात एव्हिक्शनचा, म्हणजे घराबाहेर काढण्याचा, दावा झाला होता का, पोलिसांत काही नोंद आहे का. वर बऱ्याचदा एका ओळीची शिफारस असते, भाडेकरू घ्या किंवा घेऊ नका. आपण ती ओळ वाचतो आणि मेसेज टाकतो, "सॉरी हं, आमच्या ओळखीतल्या एकांना द्यायचं ठरलं."

स्थळाला नकार देताना "पत्रिका जुळत नाही" म्हणायची आपली जुनी सोय आहे, तीच इथं वापरली जाते. कुणाचं मन दुखवायचं नाही, पुढं गणपतीत भेट होणार, मुलं एकाच मराठी शाळेत जातात. हेतू चांगला असतो, यात मला शंका नाही. पण त्या मेसेजमुळे समोरच्या माणसाचा एक हक्क नकळत बुडतो. आपल्या नावावर कुणीतरी काहीतरी लिहून ठेवलं आहे, हेच त्याला कळत नाही. तो दुसऱ्या घराला पुन्हा पन्नास डॉलर भरतो, तिथंही "दुसऱ्यांना दिलं" ऐकतो, मग तिसरीकडे जातो. रिपोर्टमधली चूक जिथल्या तिथं राहते आणि तो स्वतःच्या नशिबाला बोल लावत बसतो.

इथं कायदा काय सांगतो ते आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं. फेअर क्रेडिट रिपोर्टिंग अ‍ॅक्ट हा १९७० चा फेडरल, म्हणजे सगळ्या देशाला लागू असलेला, कायदा. बँका आणि क्रेडिट कार्डवाले त्यात येतात, तसेच भाडेकरूंची माहिती विकणाऱ्या कंपन्या येतात, आणि ती माहिती वापरून निर्णय घेणारे आपणही येतो. "माझा एकच कॉन्डो आहे, मी काय कंपनी आहे का?" हा युक्तिवाद चालत नाही. रिपोर्ट वापरणाऱ्याला हा कायदा लागू होतो. त्याच्याकडे किती घरं आहेत, हे कायदा विचारत नाही.

रिपोर्टमधल्या कुठल्याही गोष्टीमुळे आपण अर्जदाराच्या विरुद्ध निर्णय घेतला, तर त्याला तसं कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे. ती गोष्ट निर्णयाचं मुख्य कारण नसली, तिचा थोडाच वाटा असला, तरीही. कळवायचं काय? रिपोर्ट कुठल्या कंपनीकडून आला, तिचं नाव, पत्ता, फोन नंबर. हा निर्णय त्या कंपनीनं घेतलेला नाही आणि कारण ती सांगू शकणार नाही, हे. साठ दिवसांत मागणी केली तर रिपोर्टची प्रत त्या कंपनीकडून फुकट मिळते, हे. आणि त्यातली माहिती चुकीची किंवा अपुरी असेल तर त्याला हरकत घेता येते, हे. क्रेडिट स्कोअर बघितला असेल तर तो आकडा आणि तो कमी कशामुळे झाला याची मुख्य कारणंही द्यावी लागतात. स्कोअरचा हा भाग लेखी किंवा ईमेलनं द्यावा लागतो. बाकीचं तोंडी सांगितलं तरी कायद्याला चालतं, पण लेखी असलेलं बरं, तुमच्यासाठीही. एवढा मजकूर एका ईमेलमध्ये बसतो. बहुतेक स्क्रीनिंग कंपन्यांच्या वेबसाइटवर तो तयार मिळतो, फक्त आपण तिकडे क्लिक करत नाही.

आता एक गोष्ट अशी, जी अगदी सरळमार्गी घरमालकांच्याही ध्यानात येत नाही. घर नाकारलं तरच विरुद्ध निर्णय होतो असं नाही. रिपोर्ट बघून आपण "घर देतो, पण को-सायनर (भाड्याची हमी घेणारा) आणा" म्हटलं, किंवा इतरांकडून घेतो त्यापेक्षा जास्त डिपॉझिट मागितलं, किंवा भाडं शंभर डॉलरनं वाढवून सांगितलं, तर तोही कायद्याच्या नजरेत विरुद्ध निर्णयच, आणि त्यालाही नोटीस लागते. नव्यानं आलेल्या पोरांच्या बाबतीत हे सारखं घडतं. त्यांचा क्रेडिट इतिहास वाईट नसतो, तो अजून सुरूच झालेला नसतो. रिपोर्ट रिकामा येतो आणि आपण जास्तीचं डिपॉझिट सांगून मोकळे होतो. न्यू जर्सीत तर डिपॉझिट दीड महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेताच येत नाही. "तो स्वखुशीनं देतोय" म्हणून तीन महिन्यांचं घेणारे महाभाग मला ठाऊक आहेत.

पण एवढी मोठी नामांकित कंपनी रिपोर्ट देते, त्यात चूक कशी असेल? हा प्रश्न मला प्रत्येक वेळी विचारला जातो, म्हणून जरा थांबून सांगते.

या कंपन्या कोर्टांच्या आणि पोलिसांच्या नोंदींचे गठ्ठे विकत घेतात. कित्येक नोंदी त्या स्वतः गोळा करत नाहीत, दुसऱ्या पुरवठादारांकडून आणतात. या नोंदींमध्ये बऱ्याचदा सोशल सिक्युरिटी नंबर नसतो. मग जुळवणी होते नावावरून, फार तर जन्मतारखेवरून. रिअलपेज या कंपनीनं २०१८ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित बघणाऱ्या सरकारी संस्थेशी ३० लाख डॉलर भरून तडजोड केली. कमिशनचा आरोप असा होता, की गुन्ह्यांच्या नोंदी जुळवताना तिची यंत्रणा आडनाव तंतोतंत बघायची, पण पहिलं नाव, मधलं नाव किंवा जन्मतारीख यांतलं काहीतरी साधारण जवळपास आलं तरी तिला पुरायचं. २०२० मध्ये अ‍ॅपफोलिओ या दुसऱ्या स्क्रीनिंग कंपनीनं अशाच प्रकरणात ४२.५ लाख डॉलर भरले. २०२३ मध्ये ट्रान्सयुनियनच्या भाडेकरू-तपासणी शाखेचं प्रकरण दीड कोटी डॉलरवर मिटलं. एव्हिक्शनच्या नोंदी अचूक ठेवल्या नाहीत हा त्यातला एक आरोप. दुसरा मला जास्त गंभीर वाटतो: चुकीची माहिती मुळात कुठल्या पुरवठादाराकडून आली, त्याचं नावच भाडेकरूंना सांगितलं जात नव्हतं. एका रिपोर्टमधली चूक काढून घेतली तरी तोच पुरवठादार ती दुसऱ्या कंपनीला विकत राहतो, आणि माणूस पुन्हा तिथंच येतो.

आता हीच जुळवणी आपल्या नावांवर लावून बघा. एडिसनच्या पिनकोडात पाटील किती, जोशी किती, कुलकर्णी किती? आपलं मधलं नाव म्हणजे वडिलांचं नाव. इथल्या फॉर्मवर त्याचं एक अक्षर उरतं आणि सुरेशचा मुलगा, संजयचा मुलगा, शरदचा मुलगा सगळे "एस" होतात. लग्नानंतर बायकांचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतं, पण पदवी जुन्या नावाची, पासपोर्ट नव्या नावाचा. क्षीरसागर रोमन लिपीत लिहायच्या तर तऱ्हाच अनेक.

जन्मतारखेनं तरी माणूस वेगळा काढता येईल ना? इथं तर आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांनी भलताच पेच करून ठेवला आहे. शाळेत नाव घालताना घरच्यांना तारीख आठवत नसे, गुरुजी १ जून लावून देत. १ जूनला फेसबुक उघडलं, की निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस दिसतो, हा विनोद आपण दरवर्षी करतो. इथल्या डेटाबेसला तो विनोद कळत नाही. एकाच वर्षी जन्मलेले, १ जूनवाले दोन संजय पाटील त्याच्या दृष्टीनं एकच माणूस. त्यातल्या एकाचं भाडं ओहायोत थकलं असेल, तर फ्रिस्कोतल्या दुसऱ्याचा अर्ज फेटाळला जातो, आणि फेटाळणारा आपल्यातलाच, "ओळखीतल्यांना दिलं" म्हणणारा.

एव्हिक्शनची नोंद खरी त्याच माणसाची असली, तरी ती काय सांगते हेही बघायला हवं. रिपोर्टमध्ये दिसतं ते बऱ्याचदा एवढंच, की अमुक साली दावा दाखल झाला. पुढं तो मागे घेतला गेला, की भाडेकरू जिंकला, की दोघांनी समेट केला, ते असेलच असं नाही. घरमालकानं दुरुस्ती केली नाही म्हणून भाडं अडवून धरलेली आणि कोर्टात बरोबर ठरलेली बाईही त्या यादीत असू शकते. म्हणूनच कॅलिफोर्नियानं असे दावे सीलबंद ठेवायची सोय केली. साठ दिवसांत घरमालक जिंकला नाही, तर नोंद बंदच राहते. न्यूयॉर्क तर आणखी पुढं गेलं. केवळ पूर्वी घरमालकाशी कोर्टात वाद झाला होता, म्हणून तिथं अर्ज नाकारताच येत नाही. फेडरल कायद्याप्रमाणेही दिवाणी दावे आणि निकाल सर्वसाधारणपणे सात वर्षांनंतर रिपोर्टमध्ये येता कामा नयेत, दिवाळखोरी दहा वर्षांनंतर. येतात मात्र. अ‍ॅपफोलिओवरच्या आरोपांत सात वर्षांहून जुन्या नोंदी दाखवल्या हाही एक होता.

आणि ती शिफारशीची एक ओळ किंवा एक आकडा, तिच्यावर तर मी अजिबात विसंबत नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये सेफरेंट या कंपनीच्या स्कोअरविरुद्ध भाडेकरू कोर्टात गेले. सरकारी भाडेमदतीचं व्हाउचर असलेल्या माणसाच्या भाड्याचा मोठा वाटा सरकार थेट भरतं, पण स्कोअर ते जमेला धरत नव्हता, आणि त्याचा फटका कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक अर्जदारांना जास्त बसत होता, अशी तक्रार होती. कंपनीनं आरोप मान्य केले नाहीत, पण २०२४ मध्ये वीस लाखांहून जास्त डॉलर देऊन तडजोड केली आणि व्हाउचरवाल्यांसाठी असा स्कोअर देणं पाच वर्षं थांबवायचं कबूल केलं. तो आकडा कशातून आला, हे विकणाऱ्यालाच नीट सांगता येत नसेल, तर आपण त्याच्या जिवावर कुणाला दारातून परत का पाठवायचं?

राज्याराज्यांचे नियम वेगवेगळे आहेत आणि ते इथं सगळे मांडत बसत नाही. पण ज्यांची घरं तिथं आहेत त्यांनी एवढं तरी जाणून घ्यावं. वॉशिंग्टन राज्यात तपासणी करायच्या आधीच अर्जदाराला लेखी सांगावं लागतं, की काय काय तपासणार, कशामुळे नकार मिळू शकतो आणि रिपोर्ट कोणत्या कंपनीचा असेल. टेक्ससमध्ये निवडीचे निकष अर्जाबरोबर छापील द्यावे लागतात. ते न देता अर्ज फेटाळला, तर अर्जाची फी आणि अर्जासोबत घेतलेलं डिपॉझिट परत करावं लागतं. न्यूयॉर्कमध्ये तपासणीची फी वीस डॉलरच्या वर घेता येत नाही, रिपोर्टची प्रत द्यावी लागते, आणि अर्जदारानं स्वतः गेल्या तीस दिवसांत काढलेला रिपोर्ट आणला, तर फी घेताच येत नाही. कॅलिफोर्नियात फी प्रत्यक्ष खर्चाएवढीच, तीही कायद्यानं ठरवलेल्या मर्यादेत, आणि रिपोर्टची प्रत अर्जदाराला द्यायची. न्यू जर्सीत २०२२ पासून, काही अपवाद सोडले तर, घर द्यायचं सशर्त कबूल करेपर्यंत गुन्ह्यांच्या नोंदीबद्दल विचारताही येत नाही. ग्रुपवर फिरणाऱ्या आपल्या ठरावीक फॉर्ममध्ये तो प्रश्न अजून पहिल्याच पानावर आहे.

जाता जाता जाहिरातीबद्दल. "महाराष्ट्रीय कुटुंबास प्राधान्य" ही ओळ पुण्यात सदाशिव पेठेत चालत असेल. इथं १९६८ चा फेअर हाउसिंग अ‍ॅक्ट आहे, आणि राष्ट्रीय मूळ, धर्म किंवा कुटुंबात मुलं आहेत की नाहीत यावरून पसंती दाखवणारी जाहिरात करायला तो मनाई करतो. छोट्या घरमालकांना त्या कायद्यात ज्या काही सवलती आहेत, त्या जाहिरातीला लागू होत नाहीत. आणि ओळखीचा असेल तर तपासणी नाही, अनोळखी असेल तर पूर्ण झाडाझडती, हेही त्याच वाटेनं जातं.

आणखी एक, ज्याचा मला खरोखर राग येतो. रिपोर्टचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकून "या मुलाला कुणी ओळखतं का?" असं विचारणं. तो रिपोर्ट तुम्हाला एका कामासाठी मिळाला आहे: हा अर्ज मंजूर करायचा की नाही, एवढं ठरवण्यासाठी. दोनशे लोकांना त्याचं कर्ज आणि स्कोअर दाखवण्यासाठी नाही. काम झाल्यावर तो नीट नष्ट करायचा, कागद असेल तर फाडून किंवा श्रेडरमध्ये घालून, फाइल असेल तर पुसून, असाही फेडरल नियम आहे. गॅरेजमधल्या खोक्यात जुन्या अर्जदारांचे सोशल सिक्युरिटी नंबर वर्षानुवर्षं पडून असतात, ते आज काढा.

तुम्हाला घाबरवायला मी हे लिहीत नाही. खरं सांगायचं तर नकाराची नोटीस दिली नाही म्हणून भाडेकरूला या फेडरल कायद्याखाली स्वतः तुमच्यावर दावा लावणं फार अवघड आहे. २००३ च्या दुरुस्तीनंतर बहुतेक फेडरल न्यायालयांनी तो मार्ग बंदच मानला आहे, कारवाई करायची ती सरकारी यंत्रणांनी. आणि त्या यंत्रणा आता किती लक्ष घालतील? भाडेकरूंच्या रिपोर्टवर गेली काही वर्षं बारीक नजर ठेवणाऱ्या कन्झ्युमर फायनॅन्शियल प्रोटेक्शन ब्युरोनं मे २०२५ मध्ये आपली ६७ मार्गदर्शक कागदपत्रं एका फटक्यात मागे घेतली. कायद्याची कलमं जागेवर आहेत, पण दार ठोठावायला कुणी येईलच असं नाही. म्हणून तर हे पत्र वॉशिंग्टन डीसीला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

माझी मागणी कायद्यापेक्षा एक पाऊल पुढची आहे. नोकरी देणारा माणूस असाच रिपोर्ट बघून उमेदवाराला नाकारणार असेल, तर नाकारण्याच्या आधी त्याला रिपोर्टची प्रत द्यावी लागते, म्हणजे त्याला काही सांगायचं असेल तर ते वेळेत सांगता येतं. घराच्या बाबतीत फेडरल कायदा हे आधीचं पाऊल मागत नाही, नकारानंतरची नोटीस पुरते. पण नंतर कळून उपयोग किती? चूक कळवल्यावर कंपनीला शहानिशा करायला तीस दिवस मिळतात, आणि तोवर तुमचं घर दुसऱ्याला गेलेलं असतं. तेव्हा रिपोर्टमध्ये काही खटकलं, तर निर्णय घेण्याआधी अर्जदाराला फोन करा. "तुझ्या नावावर अमुक राज्यातला अमुक सालचा दावा दिसतोय, तो तुझा आहे का?" एवढं विचारा आणि दोन दिवस थांबा. मी माझ्या कॉन्डोसाठी असंच करते. बऱ्याचदा उत्तर एका वाक्यात मिळतं: "काकू, त्या वर्षी मी अमेरिकेत नव्हतोच." पासपोर्टवरचा शिक्का बघितला की विषय संपतो. आणि कधी उत्तर मिळत नाही, माणूस चाचरतो. मग नकार द्या, खुशाल द्या. तो देण्याचा हक्क तुम्हाला आहेच.

भाडेकरूंनाही दोन शब्द, कारण हे पत्र त्यांच्यापर्यंत पोहोचेल याची मला खात्री आहे. नकार आला, की संकोच न करता विचारा, "रिपोर्ट कोणत्या कंपनीचा होता?" नोटीस मिळाली नाही तरी विचारा. भाडेकरूंची माहिती देशभर विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांकडून वर्षातून एकदा आपली फाइल फुकट मागवता येते, त्यासाठी कुणी नाकारायची वाट बघायला नको. अशा कंपन्यांची यादी वर सांगितलेल्या कन्झ्युमर ब्युरोच्या वेबसाइटवर दिलेली असते. चूक सापडली तर लेखी कळवा, सोबत पुरावा जोडा, आणि मूळ नोंद कोर्टाची असेल तर त्या कोर्टाच्या कारकुनाकडून निकालाची प्रतही काढून ठेवा. १ जूनवाल्यांनी तर घर शोधायला बाहेर पडण्याआधीच हे उरकून घ्यावं.

मंडळांच्या पदाधिकाऱ्यांना शेवटची विनंती. तुमच्या ग्रुपवर घराची जाहिरात टाकायची असेल, तर तिच्यात चार गोष्टी असल्याच पाहिजेत असा नियम करा: तपासणीची फी किती, रिपोर्ट कोणत्या कंपनीचा, किमान उत्पन्न आणि स्कोअर किती हवा, आणि नकार आला तर लेखी कळवणार की नाही. चौथ्या प्रश्नाला "नाही" असं उत्तर देणाऱ्याची जाहिरात काढून टाका. गणपतीनंतर नव्या मुलांची घरं शोधायची धावपळ पुन्हा सुरू होईल, त्याआधी हे झालं तर बरं.

आपली,
एडिसनमधली एक जुनी भाडेकरू आणि आता एका कॉन्डोची मालकीण